निम्मेबाई आणि गळकी रिंग

तिचं खरं नाव आसपास कोणाला विचाराल तर डोकं खाजवत बसतील. निम्मेबाई म्हणा, लगेच दार दाखवतील. दुकानदाराने कशाचाही भाव सांगितला की ही बाई मान किंचित तिरकी करून म्हणणार, "निम्म्यात द्या," आणि गप्प उभी राहणार. आवाज चढवणं नाही, गयावया नाही, दुसऱ्या दुकानात जायची धमकी नाही. नुसती उभी. गिऱ्हाईक असं उभं राहिलं की दुकानदाराला कसंनुसं होतं आणि तो आपणहून बोलायला लागतो. एकदा का तो बोलायला लागला की संपला.

पण घासाघीस करणाऱ्या बाया गल्लोगल्ली असतात. हिची खुबी वेगळी होती. वस्तू स्वस्त का आहे हे कळल्याशिवाय ती तिला हात लावायची नाही. तिचा फ्रिज घ्या. त्याला एका बाजूने चांगलाच पोचा आला होता; ती बाजू भिंतीकडे केली, झालं. सहा कपांच्या संचातला एक फुटलेला म्हणून कोणी घेत नव्हतं. घरात माणसं दोन, सहावा कप हवाय कोणाला? चादरी तर ती मुद्दाम भोक पडलेल्याच शोधायची, कारण नवरा रफूवाला.

ड्रायक्लीनरच्या दुकानात, काचेच्या खिडकीशी रफूवाल्यांची खुर्ची. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक असो की उंदराने कुरतडलेली शाल, कापडाच्याच कडेचे धागे काढून ते अशी वीण भरायचे की मालकालाच भोक सापडू नये. ही स्वस्तात आणायची, ते अस्सल करून ठेवायचे. असा त्यांचा संसार होता आणि बरा चालला होता. बाजारात मात्र ते तिच्याबरोबर कधी दुकानात शिरायचे नाहीत. ती आत निम्म्यावर अडून उभी असली की हे रस्त्याच्या पलीकडे, आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने फलक वाचत.

एके दिवशी सुईत दोरा ओवताना रफूवाल्यांच्या उजव्या डोळ्यासमोर कोपऱ्यातून एक काळा पडदा सरकत आला. डोळा चोळला, धुतला, पडदा हटेना. डावा डोळा लहानपणापासून नावापुरताच होता. सगळं आयुष्य, सगळं काम त्या एका उजव्या डोळ्यावर उभं होतं, आणि तोच जायला निघाला होता.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, ताबडतोब मोठ्या शहरातल्या डोळ्यांच्या इस्पितळात जा. निम्मेबाईने त्या दिवशी बसच्या तिकिटाच्या भावाचीसुद्धा चौकशी केली नाही. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं, "पडदा चिकटवलाय आणि डोळ्यात गॅस भरलाय. तो गॅस आतून पडद्याला दाबून धरेल. पण त्यासाठी यांनी मान खाली घालूनच राहायचं. झोपायचं पालथं, बसायचं वाकून. थोडा वेळ मान वर केली तर चालेल, बाकी सगळा वेळ जमिनीकडे बघायचं. आणि तपासणीला येत राहायचं."

म्हणजे घरी परत जाण्यात अर्थ नव्हता. घर पडलं दूर. राहायला खोली हवी होती, आणि इथे निम्मेबाईच्या अंगात पुन्हा निम्मेबाई संचारली. इस्पितळाच्या मागच्या गल्लीत लॉजांची रांगच होती, पण त्यांचे भाव ऐकून तिचा पारा चढला. "माणूस अडलाय हे दिसलं की यांची जीभ लांब होते," असं ती सिस्टरला म्हणाली, जणू सिस्टरच त्या लॉजांची मालकीण होती. मग भाचीला फोन लावला. भाचीने मोबाइलवर शोधाशोध करून एक खोली काढली. शहरापासून बसने थोडंसंच दूर, डोंगरावर, थंड हवा, शांतता, आणि भाव अगदी निम्मा. अट एकच होती: रद्द केली तर पैसे परत नाहीत.

"स्वस्त का आहे गं?" हे निम्मेबाईने विचारायला हवं होतं. तिने नाही विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आपल्या मनासारखं घडत होतं, त्यात खोट काढायची तिला हिंमत झाली नाही.

पालथं झोपायला तोंड ठेवायची सोयही तिनेच केली. इस्पितळाच्या दुकानात त्यासाठी खास उशी होती, मधे भोक पाडलेली आणि किंमत डोळे पांढरे करणारी. ती तडक खेळण्यांच्या दुकानात गेली आणि लहान मुलांची पोहायची रिंग घेऊन आली. पिवळी, बदकाच्या चोचीची. स्वस्त का, तर गळकी. बारीकशा छिद्रातून हवा हळूहळू जायची आणि मधूनमधून फुंकावी लागायची. रफूवाल्यांनी त्या बदकात तोंड घातलं आणि आतून म्हणाले, "एवढंच राहिलं होतं." पण कपाळाला ती रिंग मऊ लागत होती, हे त्यांनाही कबूल करावं लागलं.

निघायच्या दिवशी सिस्टर सूचना द्यायला आली, तेव्हा निम्मेबाई औषधांच्या काउंटरवर होती. त्याच गुणाचे दुसऱ्या कंपनीचे थेंब स्वस्तात मिळतात का, यावर तिचं उभं राहणं चालू होतं. सूचना ऐकल्या त्या रफूवाल्यांनी, मान खाली घालून, फरशीकडे बघत.

"काय म्हणाल्या?" तिने आल्यावर विचारलं.

"पालथं झोपा, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, वजन उचलू नका. आणि विमानात बसू नका."

"आपण कुठले विमानात बसतोय," ती म्हणाली. दोघंही हसली. सिस्टरने विमानाबरोबर आणखीही काही सांगितलं होतं. पण विमान म्हटल्यावर रफूवाल्यांनी पुढचं कानाआड केलं होतं. खोली डोंगरावर आहे हे काही त्यांना ठाऊक नव्हतं. तिने फक्त "छान खोली मिळालीय, बघाल तर खूश व्हाल," एवढंच सांगून ठेवलं होतं.

बस निघायच्या आधी तिने रिंग फुंकली. गच्च भरली की कपाळाला रुतायची, म्हणून ती नेहमी जराशी ढिली ठेवायची. मांडीवर पिशवी, पिशवीवर रिंग, रिंगेत नवऱ्याचं कपाळ. शहर मागे पडलं, सपाट रस्ता संपला आणि बस वळणं घेत चढायला लागली. खिडकीतून गार वारा आला. निम्मेबाईला बरं वाटलं. खोली बघून हे काय म्हणतील, याचा ती विचार करत होती.

"डोळा जड झालाय," रफूवाले खालून म्हणाले.

"वाकून वाकून होणारच. जरा धीर धरा."

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "दुखतोय गं. आणि ही रिंग का एवढी भरलीस? रुततेय."

आता पुन्हा फुंकायची वेळ झालीच असेल, असं म्हणत तिने रिंगेला हात लावला आणि तिचा हात तिथेच थांबला. रिंग टणक लागत होती. गळकी रिंग, ढिली भरलेली, इतक्या वेळात मऊ पडून लोळायला हवी होती, ती उलटी तट्ट फुगली होती. निम्मेबाईने आयुष्यभर वस्तू चाचपल्या होत्या. मागच्या दोन दिवसांत या रिंगेचा स्वभाव तिला पाठ झाला होता, आणि ती अशी वागणारी नव्हती.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. खाली दरी, वर डोंगर. रिंगेत हवा आहे. बस वर चढतेय तशी ही फुगतेय. आणि यांच्या डोळ्यात गॅस आहे.

तिने तडक इस्पितळात फोन लावला. सिस्टरने एकच प्रश्न विचारला, "आत्ता कुठे आहात?" उत्तर ऐकल्यावर तिने शांतपणे, पण एकेक शब्द तोडून सांगितलं, "तिथेच उतरा. आणखी वर जाऊ नका. मिळेल त्या गाडीने खाली या आणि थेट इकडे या. मी त्यांना सांगितलं होतं, विमान नाही आणि घाटही नाही."

"गाडी थांबवा," निम्मेबाई उठून उभी राहिली.

"इथे थांबा नाही, बाई," कंडक्टर म्हणाला. "वर पोचल्यावर उतरा की."

"वर गेलं तर यांचा डोळा जाईल. थांबवा."

कंडक्टरने बदकात तोंड घालून बसलेल्या माणसाकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि दोरी ओढली. जास्त वाद न घालता गाडी थांबवली, हे त्याचे उपकारच.

भर वळणावर दोघं उतरली. ती एका हाताने नवऱ्याला धरून आणि दुसऱ्या हाताने प्रत्येक उतरत्या गाडीला हात करत उभी राहिली. दोन मोटारी भुर्रकन निघून गेल्या. मग भाजीचे रिकामे क्रेट घेऊन शहराकडे जाणारा एक टेंपो थांबला. टेंपोवाल्याने हिची गरज ओळखून आकडा सांगितला. चांगलाच आकडा होता.

"चला," ती म्हणाली.

रफूवाले मान खाली घालून ऐकत होते. डोळा ठणकत होता, पण खरी भीती त्यांना वाटली ती त्या एका शब्दाने. इतक्या वर्षांत या बाईने सांगितलेल्या भावाला असं "चला" म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. म्हणजे आपलं काही खरं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. उतारावर रिंग हळूहळू ढिली होत गेली. ती सारखी चिमटीत धरून बघत होती आणि विचारत होती, "आता? आता कसं वाटतंय?"

"हलकं वाटतंय जरा," ते म्हणाले. त्यांचा हात तिने सोडला नाही.

इस्पितळात डॉक्टरांनी डोळ्याचा दाब मोजला, थेंब घातले, थांबवलं, पुन्हा मोजला. ती भिंतीला टेकून उभी. जीव नुसता टांगणीला लागलेला. "उतरतोय दाब," डॉक्टर म्हणाले. "पडदा जागेवर आहे. वेळेत खाली आलात, म्हणून वाचलं." निम्मेबाई मटकन बाकावर बसली. जिवात जीव येणं म्हणतात ते काय असतं, हे तिला त्या बाकावर कळलं.

डोंगरावरच्या खोलीचे पैसे बुडाले ते बुडालेच. इस्पितळामागच्या गल्लीतल्या पहिल्याच लॉजमध्ये ती शिरली आणि भाव न विचारता सही करून मोकळी झाली. खोली तळमजल्यावर, काउंटरला लागून. रात्रभर रफूवाले रिंगेत तोंड घालून पालथे पडले होते आणि ती जागीच होती, हे त्यांना तिच्या श्वासावरून कळत होतं. दोघांनीही झोपल्याचं सोंग घेतलं.

सकाळी तपासणी झाली. दाब अगदी ठीक होता. खोलीवर परत आल्यावर "पाणी घेऊन येते" म्हणून ती बाहेर गेली. रफूवाले पालथे पडून होते. मधली भिंत पातळ असल्याने काउंटरवरचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"तुमचा पाण्याचा पंप आमच्या भिंतीपलीकडे आहे ना?" तिचा आवाज.

"हो, पण सकाळी थोडा वेळच चालतो तो," लॉजवाला.

"पहाटेपासून भिंत थरथरत होती. खुर्चीवरचा डबा चालत चालत कडेला आला. ही खोली कोणी मागत नसेल."

"काल तर काही बोलला नाहीत तुम्ही."

"काल मला वेळ नव्हता. आम्ही बरेच दिवस राहणार आहोत. निम्म्यात द्या."

मग शांतता पसरली. ती शांतता रफूवाल्यांच्या चांगल्याच ओळखीची होती. जन्मभर ते तिला लाजून रस्ता ओलांडून पळाले होते. आज ते पिवळ्या बदकात तोंड खुपसून, खांदे गदगदा हलवत, आवाज न करता हसत होते. ती उभी आहे, म्हणजे आपलं ठीक आहे.

"आठवड्याचा हिशोब करून बघतो, बाई," लॉजवाला बोलायला लागला होता.

दिवस जात राहिले. डोळ्यातला गॅस थोडाथोडा विरत होता, आणि तो विरताना रफूवाल्यांना एक रेघ दिसायची. मान वर करून बसलं की रेघेच्या वर जग स्वच्छ आणि खाली सगळं गढूळ. रेघ रोज थोडी खाली सरकायची. आधी त्यांना नुसतं छत दिसलं. मग पंख्याची पाती, त्यांवर साचलेल्या धुळीसकट. मग पडद्याची दांडी आणि तिच्यात एक कडी कमी असल्याचंही. ते रोज तिला सांगायचे, आज कुठवर आलो.

"म्हणजे ठीक आहे ना सगळं?" ते मधेच विचारायचे.

"अहो, ठीक म्हणजे काय, उत्तम आहे," ती सांगायची. आवाज खणखणीत असायचा. काळजीचं एक अक्षर तिने कधी काढलं नाही, आणि त्यांनाही ते खरंच वाटत होतं.

एका दुपारी जेवायला बसताना त्यांनी मान वर केली. ती समोरच्या खुर्चीवर डबा उघडत होती. आधी त्यांना तिचा भांग दिसला, मग कपाळ, आणि तिने वर पाहिलं तशी रेघ तिच्या गालांवर येऊन थांबली. कितीतरी दिवसांनी त्यांना तिचे डोळे दिसत होते, स्वच्छ, बारीक शिरांसकट. ते पाणावलेले होते.

"सगळं उत्तम आहे म्हणत होतीस ना," ते हळूच म्हणाले. "मग रोज रडत होतीस होय गं?"

"नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याकडे बघताय ना, आत्ता आलं ते."