एक जूनची फुलं

"नाव कुनाचं घालू?"

पौडच्या बाजारातल्या फुलवाल्या चाचांचा हा पहिला प्रश्न असायचा. फोनवर हॅलो नाही, कोण बोलतंय नाही, थेट हेच. सत्काराचा हार असो, देवाचा असो की मयताचा, कानामागची पेन्सिल काढून ते चिटोऱ्यावर मोठ्या गोल अक्षरांत नाव लिहायचे, दोऱ्यानं फुलांना बांधायचे आणि ओल्या बोटांनी वरून तीनदा पाणी शिंपडायचे. मयताच्या हाराला कशाला चिठ्ठी, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "त्याला कळाय नगं व्हय, कोन कोन आलं हुतं?"

चाचांचं स्वतःचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते मी एकदाच लिहिलंय आणि तेही मला दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागलं होतं. त्याबद्दल शेवटी सांगतो.

तुमच्या घरात गावाकडचं साठीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांचं आधार कार्ड काढून बघा. जन्मतारीख एक जून निघायची शक्यता फार. त्या काळी पोर शाळेत घातलं की मास्तर बापाला विचारायचे, कधीचं आहे? बाप म्हणायचा, भातलावणी चालली हुती. मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. पोर आयुष्यभर त्या तारखेला चिकटलेलं राहायचं आणि त्या तारखेशी त्याचं काही देणंघेणं नसायचं.

पुढे आम्ही पोरं शिकलो, हिंजवडीला नोकरीला लागलो, कोणी दुबईला गेलं आणि आम्हाला आईवडिलांचे वाढदिवस करायची हौस सुटली. म्हणजे स्वतः जाऊन नव्हे, फुलं पाठवून. एक जूनला चाचांच्या स्कूटरला पुढून-मागून गुच्छ बांधलेले असायचे. "निम्मा मुळशी तालुका एका दिसात जल्मला," ते म्हणायचे. "त्या सुईनीचं काय झालं आसंल, तिचं तिलाच ठाव."

सुरुवातीला म्हातारी माणसं घाबरायची. गावात दारात फुलं घेऊन माणूस आला की काय समजायचं, हे ठरलेलं होतं. एक आजोबा ओट्यावरूनच ओरडले होते, "मी हाय आजून. दुसरीकडं बघा." चाचांनी त्यांना खाली बसवलं, मुलाची चिठ्ठी वाचून दाखवली, मग आजोबांनी त्यांना चहा पाजला आणि जरबेराची फुलं गाईपुढे टाकली. गाईनंही खाल्ली नाहीत. हे सांगताना चाचा इतके हसायचे की डोळे पुसायला लागायचे.

पण चिठ्ठी वाचून दाखवल्याशिवाय ते कुठल्याही दारातून हलायचे नाहीत. "नुसती ठिवून आलो तर ती माज्या दुकानातली फुलं. वाचून दावली तर ती पोराची फुलं."

आता माझी गोष्ट. मी राहतो महाळुंग्याला, अकराव्या मजल्यावर. माझी आई गावी, मालेला, काकांच्या शेजारच्या घरात, वडील गेल्यापासून एकटी. गाडीनं तास-सव्वा तासाचा रस्ता. मी अमेरिकेत असतो तर निदान सांगायला सबब तरी झाली असती. तरी मी दर एकतीस मेला चाचांना फोन करायचो, कारण मोबाईल त्या दिवशी आठवण करून द्यायचा.

"चिठ्ठीत काय लिवू, सायेब?"

"लिहा तुम्हीच काहीतरी चांगलं."

ते काय लिहायचे हे मी कधी विचारलं नाही. आई संध्याकाळी फोनवर म्हणायची, "लावते रं तेल गुडघ्याला. उनात न्हाई जात." मला वाटायचं, म्हातारं माणूस, मधूनच काहीतरी बोलतंय. त्या सगळ्या चिठ्ठ्या तिनं पिठाच्या डब्यावर परातीखाली जपून ठेवल्यात. मी पुढे वाचल्या. 'आई, गुडघ्याला तेल लाव.' 'आई, उन्हात शेतावर जाऊ नको, मी आहे.' खाली माझं नाव. इतकं चांगलं मी तिच्याशी समोरासमोर कधी बोललेलो नाही.

पहिल्या वर्षीच, फुलं पोचवून आल्यावर चाचांचा मला फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होतो.

"सायेब, आक्का म्हनत्यात त्यांचा खरा दिस आज न्हाई. गौरी जेवत्यात त्या दिशी जल्मल्या त्या. म्हनून तर गौराबाई नाव ठिवलं."

"आधारवर एक जून आहे चाचा. तेच धरा."

"ते धरलंच की. पर खऱ्या दिशीबी धाडायची का?"

"बघा तुम्हाला काय वाटतं ते," असं म्हणून मी फोन ठेवला. आणि साफ विसरलो. माझ्या आईचं नाव गौरा आहे, हे मला जन्मापासून माहीत होतं. ते तसं का आहे, हे एका फुलवाल्यानं सांगितलं आणि तेही मी ऐकून सोडून दिलं.

त्याच वर्षी गौरीच्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. मी आमच्या सोसायटीच्या गणपती मंडळाचा सेक्रेटरी, मांडवात उभा होतो.

"फुलं पोचली रं. सोनटक्का हाय. वास सुटलाय घरभर."

"कसली फुलं?"

"तू धाडलेली."

"आई, तुझा वाढदिवस जूनमध्ये झाला. ती फुलं केव्हाच सुकली असतील. विसरायला लागलीस का तू?"

ती म्हणाली, "व्हय का. माजंच कायतरी चुकलं आसंल. ठिव."

आणि मी काय केलं असेल? मांडवातच बायकोला सांगितलं की आईचं आता डोकं काम देईना. पुढच्या आठवड्यात तिला गाडीत घालून शहरात डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, जन्मतारीख सांगा." तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्यांना विचारलं, "कंची सांगू?" डॉक्टरांनी मान हलवून कागदावर काहीतरी लिहिलं. मीही मान हलवली. विसरण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या मी दर महिन्याला कुरिअरनं पाठवायचो आणि मित्रांना सांगायचो, आईचं सगळं मी बघतो.

त्यानंतर गौरीच्या दिवशी तिचा कधी फोन आला नाही. मी समजलो, गोळ्यांचा गुण आला.

अशी पाच वर्षं गेली. यंदा एकतीस मेला मी नेहमीसारखा फोन लावला. पलीकडून प्रश्न आला नाही. बाईमाणसाचा आवाज आला. चाचांच्या घरच्या होत्या, चाची.

"ते गेले की थंडीत. न्हाई कळलं तुमाला?"

सहा वर्षं दर वर्षी ज्या माणसाशी बोललो, तो गेला हे मला चार-पाच महिने माहीतच नव्हतं. त्या म्हणाल्या, "आक्कांची फुलं धाडते उद्या. कुनालातरी लावून देते. पर गौरीचं काय करायचं, तेवडं सांगा."

"गौरीचं काय?"

"दर साली ते सोता जायाचे की सोनटक्का घेऊन. गौरीच्या दिशी दुकानात पाय ठिवाय जागा नसती, मी वरडायची, आन ह्ये आपले स्कूटर काढून मालेला. म्हनायचे, सायबानं मला बघा म्हनलंय, मग बघाय नगं?" मग त्यांनीच विचारलं, "चिठ्ठीत तुमचं नाव आसायचं. तुमाला ठाव नव्हतं?"

लाज कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं. माझी आई काही विसरली नव्हती. विसरलो होतो मी आणि गोळ्या तिला चालू केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी, एक जूनला, मी स्वतः मालेला गेलो. आई तांदूळ निवडत होती. मला बघून तिला आनंद व्हायच्या आधी काळजीच वाटली, नोकरी गेली का काय. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि विचारलं, "गौरीला फुलं यायची ती चाचांची, हे तुला माहीत होतं?"

"तू न्हाई म्हनलास तवाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुनाला बोलू? त्याला सांगितलं आसतं तर बिचारा वशाळला आसता, आनायची बंद केली आसती. दर साली तुजं नाव वाचून दावायचा, मी आपली हूं म्हनायची." तिनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "तेवडंच त्या दिशी कुनीतरी तुजं नाव घ्यायचं हितं."

"आणि त्या गोळ्या? त्या कशाला घेतल्यास?"

"तू धाडल्या हुत्यास न्हवं," ती म्हणाली.

मी उठून परसात गेलो आणि उगाच हातपाय धुतले. तोंडही दोनदा धुतलं.

तुम्ही म्हणाल, मग आता सुधारला असाल. तसं काही एकदम होत नाही हो. जुलैत एकदा जाईन म्हणालो होतो, गेलो नाही. पण गौरीच्या दिवसाची आठवण यंदा मोबाईलला करून द्यावी लागली नाही. सेक्रेटरीपद दुसऱ्याच्या गळ्यात घातलं आणि सकाळीच पौडला पोचलो.

दुकानापुढे ही गर्दी. चाची मधोमध बसून हार बांधून देत होत्या. मला ओळखलं. ओल्या फडक्याखाली कर्दळीच्या पानात बांधलेला सोनटक्का त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवला होता. त्यांनी चिटोरा पुढे ओढला आणि विचारलं, "नाव कुनाचं घालू?"

सवयीनं माझं नाव ओठावर आलं होतं. ते मी गिळलं.

"त्यांचं घाला."

चाची माझ्याकडे बघत राहिल्या. मागच्या बायका घाई करत होत्या. मग चाचींनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "मला न्हाई येत लिवाय. तुमीच लिवा."

मी पेन्सिल टेकवली आणि तसाच थांबलो. चाचांचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. चाचींना विचारलं. त्यांनी एकेक शब्द सावकाश सांगितला, मी जमेल तेवढ्या मोठ्या, गोल अक्षरांत लिहिला. त्यांनी दोरा बांधला आणि फुलांवर तीनदा पाणी शिंपडलं.

मालेला पोचलो तेव्हा आई काकांकडच्या गौरीचा नैवेद्य आटपून उंबऱ्यात बसली होती. फुलं मांडीवर घेतली, वास घेतला. मी चिठ्ठी वाचून दाखवायला वाकलो, पण तिनं हातानं मला थांबवलं. चौथीपर्यंत शाळा झालीय तिची. चिठ्ठी लांब धरून, बोट फिरवत, तिनं अक्षर अक्षर लावून सगळं नाव वाचलं. दोनदा वाचलं.

मग ती सरकली आणि तिनं शेजारी मला जागा केली.

"ह्या खेपंला खरं लिवलंस," म्हणाली.