लसणाचा वास

नात रांगायला लागली तेव्हा मी अंगणातली कण्हेर आणि बिट्टी मुळासकट काढून टाकली. उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलेली बाई मी. बिट्टीची बी, धोतऱ्याचं बोंड, एरंडी, काय तोंडात घालायचं नाही ते वर्गाकडून घोकून घ्यायचे. श्रावणी सोमवारी महादेवाला वाहिलेला धोतराही संध्याकाळच्या आत उचलायचे. आपल्या घरात विष शिरणार नाही, याचा मला चांगलाच ताठा होता.

चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण शिजत नाही. नेम माझा, आणि तो सुनेला जाचतो हे मला ठाऊक होतं. नात चार वर्षांची झाली त्या श्रावणात, एका दुपारी आमच्या नांदेडच्या घरात लसणाचा वास आला. स्वयंपाकघरातून नाही, मागच्या खोलीतून. तिथं कंधारकडच्या शेतातल्या ज्वारीची टाकी असते आणि दुपारची नात झोपते.

मी सुनेला फैलावर घेतलं. "चटणी लपून खायची तर माहेरी जाऊन खा."

"आई, घरात लसणाची पाकळी न्हाई," ती म्हणाली.

वास देवघरात यायला नको म्हणून मी मागच्या खोलीचं दार घट्ट ओढून घेतलं. नात आत झोपली होती. मग माळ घेऊन बसले. वास काही जाईना. थोड्या वेळानं पाहिलं, दाराच्या फटीपाशी मुंग्यांची रांग होती. हलत नव्हती. पायानं सारली तरी तशीच. मला भीती वाटली, पण डोक्यातून चटणी जाईना. आज हिला पकडायचीच, म्हणून मी आत गेले.

टाकीजवळ पाल उताणी पडली होती. मी ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला. हाताला फडक्याची पुरचुंडी लागली. आत लसूण नव्हता, राखेसारखी भुकटी होती. तेवढ्यात मागं नात ओकली. उचलली तर तिची मान सावरेना.

"कालच ज्वारीत किड्यांच्या गोळ्या ठेवल्या की," बाहेरून धावत आलेले आमचे हे म्हणाले. "लई झाले होते. गावी ठेवतोच न आपण." गावी धान्य शेतातल्या वेगळ्या खोलीत असतं. तिथं कुणी झोपत नाही.

दोन दिवस नात दवाखान्यात निपचित होती. तिसऱ्या दिवशी तिनं वरणभात मागितला, तेव्हा मी पदरात तोंड घालून रडले.

डॉक्टर म्हणाले, "हवा लागली की त्या गोळ्यांची भुकटी होते आणि विषारी वायू सुटतो, त्याला लसणासारखा वास येतो. खोली उघडी असती तर इतकं झालं नसतं. दार कुणी लावलं होतं?"

सुनेनं नातीच्या अंगावरची चादर सारखी केली.

"वाऱ्यानं लागलं," ती म्हणाली.

त्या दुपारी झाडाचं पान हललं नव्हतं. हे तिलाही माहीत होतं.