पुन्हा चेपलेला अल्बम

मित्र त्याला कानसेन म्हणत, धाकटा भाऊ दादा. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत, भिंतींना जुन्या रजया ठोकून, दादा लोकांच्या गाण्यांवर शेवटचा हात फिरवायचा. म्हणजे मास्टरिंग.

धाकटा तेव्हा पंचविशीत होता आणि एका बँडमध्ये गिटार बडवायचा. ज्याचं गाणं मोठ्यानं वाजेल तो जिंकला, अशी त्या काळी हवा होती. दादाच्या कॉम्प्युटरवर पहिलावहिला लिमिटर आला होता. लिमिटर म्हणजे आवाजाला घातलेलं छप्पर, कितीही ढकला, त्याच्यावर काही जात नाही. खुर्चीमागे उभा राहून धाकटा "अजून, दादा, अजून" करत राहिला आणि अख्खा अल्बम छपराला जाऊन चिकटला. ड्रमचे ठोके पार चेपले. दादाला ते पटलं नव्हतं, पण भावाचा चेहरा असा फुलला होता की तो गप्प बसला.

बँड पांगला. धाकट्यानं चष्म्याचं दुकान टाकलं, दोघांच्या डोक्यावरचं रान विरळ झालं. मग एके दिवशी धाकटा जुनी हार्डडिस्क घेऊन आला.

"चेपायच्या आधीची गाणी आहेत यात. नव्यानं करशील? इंटरनेटवर टाकू."

दादा याचीच वाट बघत असल्यासारखा कामाला लागला. मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो, म्हणून त्यानं आधी सगळ्या प्लगिनांची, म्हणजे आवाजावर काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांची, पातळी सारखी केली आणि मगच डोळे मिटून निवड केली. कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा झालेला आवाज दाबणारा, घेतला तो जरा उशिरा जागा होणारा. ठोका मोकळा जाऊ द्यायचा आणि मागची गाज तेवढी आवरायची. लिमिटर नुसता टेकवला. ड्रम पहिल्यांदाच अंगात जीव आल्यासारखा वाजला.

धाकट्यानं सगळं ऐकलं. बराच वेळ हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळत बसला.

"छान झालंय रे. पण हे आमचं नाही."

"म्हणजे?"

"सगळे एकदम घुसायचे ना, तिथं आवाज गुदमरायचा. वाटायचं, आता भिंत पडते. हे फार शहाण्यासारखं वाजतंय."

दादाला आधी राग आला. मग हसू आलं. जन्मभर जे टाळायला शिकला, तेच आता शोधायला बसायचं होतं. तो जुना लिमिटर नव्या कॉम्प्युटरवर चालेना. म्हणून त्यानं दोन नवे लिमिटर एकामागे एक लावले आणि कॉम्प्रेसर इतका उतावळा केला की गाणं धापा टाकू लागलं. धाकटा पुन्हा खुर्चीमागे येऊन उभा राहिला. आता गुडघे दुखायचे, म्हणून खुर्चीच्या पाठीला धरून.

"अजून थोडं," तो म्हणाला.

दादानं ढकललं. ड्रम चेपला, गिटारी एकमेकींवर चढल्या, आणि धाकट्याची टाच जमिनीवर ठेका धरू लागली. दादानं मागे वळून पाहिलं नाही.

अल्बम तसाच चेपलेला इंटरनेटवर गेला. दुसऱ्या दिवशी धाकट्याचा चष्म्याच्या दुकानातून फोन आला.

"दादा, बाकीच्यांपेक्षा जास्त मोठ्यानं वाजतच नाही."

"आता इंटरनेटवाले सगळ्या गाण्यांना एकाच पातळीवर आणतात. जास्त ढकललं की तेच खाली ओढतात."

"मग मी काय करू?"

"आवाज वाढव की," दादा म्हणाला.