चौदा वेळा मोजलेले नाना

आधी माफी मागतो. लिहिण्याचा माझा काही अधिकार नाही. आजवर मी मन लावून लिहिल्या त्या फक्त रेघा: चार उभ्या, पाचवी आडवी. पाच वाहनं गेली की एक जुडी.

सिव्हिलची पदवी घेऊन (बारावीच्या पुढे गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच) रस्त्यांचं सर्वेक्षण करणाऱ्या एका कंपनीत सहा महिन्यांच्या कच्च्या बोलीवर लागलो. पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते धरणगावजवळ, आमच्याच गावच्या फाट्यावर. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, जाईल ते प्रत्येक वाहन मोजायचं. काम जमलं तर नोकरी पक्की, नाही तर घरी.

हे मी आदल्या दिवशी घरात सांगितलं. चूक तिथेच झाली. आमच्याकडे आकडा म्हणजे मार्क. जास्त तितका चांगला. वडील, म्हणजे आबा, गंभीर झाले. किती वाहनं गेली म्हणजे पास, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तसं नसतं, जातील तितकी मोजायची. आबांनी माझ्या काकांकडे, नानांकडे पाहिलं.

"घाबरू नको," नाना म्हणाले, "आम्ही शेतस ना."

मला वाटलं, आम्ही आहोत म्हणून धीर देतायत.

सकाळी सातला नाना ट्रॅक्टर घेऊन गेले. त्यांनी हात केला. मीही केला आणि रेघ मारली. दहा मिनिटांनी ते परत आले. हात, हात, रेघ. मग चुलतभाऊ, मग शेजारी, मग बांधावरून ज्यांच्याशी बोलणं बंद आहे तेसुद्धा (शेवटी गावच्या पोराचा प्रश्न!). माहेरपणाला आलेली माझी थोरली बहीण अक्का डबा घेऊन स्कूटीवर चार वेळा आली. डबा एकच होता. दुपारी आबांनी बैलगाडी काढली, कारण बैलगाडीचा रकाना रिकामा आहे हे मीच डबा खाताना बोलून गेलो होतो.

संशय आला नाही का? आला. पण नियम स्पष्ट होता: वाहन गेलं की रेघ. आणि नानांना अडवावं, तर तो रहदारीत हस्तक्षेप.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी धुळ्याच्या कार्यालयात बोलावलं. फाट्यावरच्या खांबावर कॅमेरा होता; त्याचं चित्रण लावलेलं होतं.

"हे लाल उपरण्यातले गृहस्थ कोण?"

"काका, सर."

"चौदा वेळा गेलेत. दर वेळी हात करतायत." साहेबांनी चित्रण थांबवलं. "आणि दर वेळी तुम्हीपण करताय."

मोजणी रद्द झाली. तुमचं काय ते कळवतो, असं साहेब म्हणाले.

घरी येऊन हे सांगितलं, तर नाना आत येईनात. फवारणी सोडून त्यांनी दिवसभर ट्रॅक्टर फिरवला होता. दारातच उभे राहून म्हणाले, "तुनासाठेच तं करं रे भो." मला रागावताही येईना.

तीन आठवडे मी फोन उशाशी घेऊन झोपलो. शेवटी तो वाजला. नोकरी पक्की! साहेबांनी चित्रण पुन्हा पाहून प्रत्येक रेघ ताडून पाहिली होती. सख्खा काका चौदा वेळा गेला आणि पोराने चौदाच रेघा मारल्या, एक कमी नाही, एक जास्त नाही. असाच माणूस मोजणीला हवा, असं त्यांचं म्हणणं. फक्त पुढचं काम सोनगीरला, नातेवाइकांपासून लांब.

मी घरात सांगितलं. आबा बोटांवर काहीतरी मोजत बसले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"सोनगीरले अक्कानी नणंद देयेल शे. दोन ट्रॅक्टर शेतस त्यास्ना."

सध्या मी एका हाताने रेघा मारायचा आणि दुसरा खिशातच ठेवायचा सराव करतोय.