जमिनीवरची शीळ

बोक्जाबाई एकाहत्तर वर्षांच्या. पंधराव्या वर्षापासून समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढतात. वर आल्या की कोंडलेला श्वास शीळ घालत सोडतात. आमच्या बेटावर प्रत्येक बाईची शीळ वेगळी. किनाऱ्यावरून नुसत्या कानांनी ओळखता येते.

त्यांची सून युनसल पहिलटकरीण. सदतिसाव्या आठवड्यात तिचं पोट खाली उतरलं. श्वास मोकळा झाला, पण दर अर्ध्या तासाला लघवीला पळावं लागे. मग कळा सुरू झाल्या. दोनदा तिला बोटीने जेजूच्या मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात नेलं, दोन्हीदा तिथे पोचेपर्यंत कळा विरून गेल्या.

किनाऱ्यावरच्या शेकोटीभोवती कपडे बदलताना बुड्या मारणाऱ्या बायका चिडवू लागल्या.

"बाळाला बोटीची हौस दिसतेय," सुंदोकबाई म्हणाली.

म्हणून तिसऱ्यांदा युनसल गप्प बसली. त्या दिवशी शेवटची बोट चारची होती, आणि वादळामुळे पुढे दोन दिवस बोट नव्हती. बेटावर बाळंतपणाची सोय नाही; आरोग्य केंद्रात मी एकटी नर्स. तीन वाजता मुळा किसताना युनसलचा हात थांबला, तो बोक्जाबाईंनी पाहिला.

"कधीपासून?"

"काही नाही, आई. खोट्याच असतील. परत कशाला हसं करून घ्यायचं?"

"बसू नकोस. चाल."

चालल्यावर खोट्या कळा शमतात. या शमल्या नाहीत. बाईंनी मला बोलावून घेतलं. मी घड्याळ बघू लागले, तर म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही तुमचं मोजा, मी माझं मोजते."

कळ आली की त्या स्वतःचा श्वास धरत. मागच्या दोन्ही खेपांना त्यांचा श्वास सुटण्याआधीच कळ संपली होती.

"आई, आता तुमचा दम तो कितीसा उरलाय?"

"तुझ्या नवऱ्याला पोटात घेऊन आठव्या महिन्यात बुड्या मारल्यात मी. बोलू नकोस, चाल."

पुढच्या कळेला युनसल दगडी कुंपण धरून वाकली. बोक्जाबाईंचा चेहरा लाल झाला, मान ताठली, आणि त्यांची शीळ सुटली. कळ अजून चालूच होती. घड्याळात पासष्ट सेकंद झाले. दोन कळांमध्ये जेमतेम पाच मिनिटं.

खाली शेकोटीपाशी ती शीळ ऐकून बायका चमकल्या. बोक्जाबाई तर आज पाण्यात उतरल्याच नव्हत्या. ओल्या अंगाने तिघी वर धावल्या. सुंदोकबाई धक्क्यावर गेली आणि बोटीच्या फळीवर ठाण मांडून बसली.

"आणि परत खोटं निघालं तर?" बोटवाल्याने विचारलं.

"तर मी तिला पोहत परत आणीन. तू थांब."

गडबडीत कपड्यांची पिशवी घरीच राहिली. बाळंतिणीला प्यायला देतात त्या गरम सुपासाठीचं वाळलेलं समुद्री शेवाळ मात्र बोक्जाबाईंनी घेतलं होतं. चांगलं दोन हात लांब, अखंड. ते दुमडलं तर बाळंतपण अडतं म्हणतात. भर वाऱ्यात ते छातीशी आडवं धरून त्या बोटीवर चढल्या.

पहाटे जेजूच्या दवाखान्यात मुलगी झाली. सव्वातीन किलो.

वादळात कोणी समुद्रात उतरणार नव्हतं, तरी सकाळी सगळ्या शेकोटीभोवती जमल्या होत्या. बोक्जाबाईंनी दवाखान्यातून फोन लावला आणि बाळाच्या तोंडाशी धरला. लांबलचक टाहो आला. सुंदोकबाई कान देऊन ऐकत राहिली.

"दम आहे पोरीत," ती म्हणाली. "आजीसारखी नाही हं ही शीळ. हिची स्वतःची आहे."