मी काढायला लावलेली तपासणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. ज्या पोरीच्या बापाला सांगायला हवं होतं, त्यालाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? काय माहीत. वैताग आलाय, एवढंच. आणि तो दुसऱ्या कुणाचा नाही, माझा मलाच.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर सगळं डोक्यावरून जाईल. कॉम्प्युटरवर फायली कशा ठेवायच्या, कुणाला उघडू द्यायच्या नि कुणाला नाही, हे बघणारा एक मोठा प्रोग्राम आहे. फुकट, सगळ्यांसाठी खुला. जगभरातली माणसं त्यात बदल सुचवतात. आमची कंपनी तो वापरते, म्हणून आम्हीही सुचवतो. मी तपासनीस. बदल वाचायचा, चुका काढायच्या, पटला तर खाली ‘तपासला’ म्हणून नाव टाकायचं. लिहिणाऱ्याचं नाव आणि माझं नाव — दोन्ही कायमची तिथं राहतात, आणि जगात कुणालाही दिसतात.

ऐकायला भारी वाटतं ना? कसलं भारी! दिवसभर दुसऱ्यांच्या चुका निवडायच्या. तांदूळ निवडल्यासारखं काम, फक्त भात कधी होत नाही.

त्यातून आमच्या टीमची एक रीत होती. माझीच, खरं तर मीच पाडलेली. हे बदल ज्या जाहीर ईमेल-यादीवर पाठवतात, सगळ्या जगाला दिसणाऱ्या, तिच्यावर पूर्वी एकदा एका परदेशी माणसानं माझी चूक दाखवून सगळ्यांसमोर मला धुऊन काढलं होतं, ते मला भयंकर झोंबलं होतं. तेव्हापासून नियम — आधी आपसात मिटवायचं, टपरीवर, चहा घेता घेता, मराठीत. यादीवर जाईल ते स्वच्छ, इस्त्री केलेलं. म्हणजे काय, तर भांडण कुठं झालं, कोण काय म्हणालं, कशालाच पुरावा नाही.

वैशाली माझ्या हाताखाली होती. चिखलीची. वडील चाकणच्या एका कारखान्यातून, पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमधून रिटायर झालेले. पोरगी हुशार, आणि — आता हे लिहितानाही चिडचिड होते बघा — चिवट. एखादी गोष्ट पटली नाही की मान हलवायची नाही.

तिनं वेग वाढवणारा बदल लिहिला होता. एखाद्याला फाइल उघडायची परवानगी आहे का, हे दर वेळी नव्यानं बघायचं नाही. एकदा मिळालेलं उत्तर लक्षात ठेवायचं. पण तिनं त्यात एक जादा तपासणी घातली होती : लक्षात ठेवलेलं उत्तर शिळं तर नाही ना? चाकणला कसं, कंत्राटी माणसाचा पास काल काढून घेतला, तरी गेटवरचा वॉचमन ओळखीचा म्हणून आज आत सोडतो. तसं होऊ नये म्हणून.

मी म्हणालो, काढ ती. वेग पुन्हा खाली येतोय, मला वरून रोज विचारतात. ती म्हणाली, सर, ज्याला परवानगीच्या ग्रुपमधून काढलंय तोसुद्धा फाइल उघडू शकेल. मी म्हणालो — आणि हे मला शब्दन्‌शब्द आठवतंय — “अगं बाई, दहा वर्षं हेच करतोय मी. तू मला शिकवू नकोस.” टपरीवर चार जण होते. तिनं कप खाली ठेवला. संध्याकाळपर्यंत तपासणी काढून तिनं बदल यादीवर टाकला, आणि मी खाली माझं नाव टाकलं. तो नीट वाचला होता का मी? कसला वाचतोय! जिंकलो होतो ना मी.

चार-पाच महिन्यांनी व्हायचं तेच झालं. एका कॉलेजातून तक्रार आली. नोकरी सोडून गेलेला माणूस तिथल्या फायली आरामात उघडत होता. तो प्रोग्राम सांभाळणाऱ्या मुख्यानं यादीवर जाहीर विचारलं, इथं शिळं उत्तर तपासायला हवं, हे लिहिणाऱ्याला सुचलं कसं नाही?

सुचलं कसं नाही! तिलाच तर सुचलं होतं.

वैशाली माझ्या टेबलापाशी आली. एकदाच. म्हणाली, “सर, तुम्ही सांगाल ना त्यांना?” मी म्हणालो, “हो हो, बघतो.” आपलं ते ‘बघतो’ — तुम्हाला माहीतच आहे त्याचा अर्थ. मग मी यादीवर लिहिलं की ही त्रुटी तपासताना माझ्या नजरेतून सुटली, दिलगीर आहे. किती सभ्य वाक्य! नजरेतून सुटली म्हणे. ती तपासणी मीच हट्टानं काढायला लावली होती, राव.

लोकांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. खरंच केलं. आणि त्या भागाची जबाबदारी वैशालीकडे द्यायचं जवळपास ठरलं होतं, ते बारगळलं. चिखलीच्या मुलीचं नाव तिथं लागलं असतं. तिनं त्या यादीवर पुन्हा काही पाठवलं नाही. वर्षभरानं दुसरीकडे गेली, टेस्टिंगच्या साध्या कामावर. तिनं कुणाला का सांगितलं नाही? हा प्रश्न मी स्वतःला बराच काळ विचारला, कारण त्यात दोष तिच्याकडे सरकवायची सोय होती.

मग तिच्या लग्नाचं आमंत्रण आलं. चिखलीतला हॉल. न जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून गेलो. बुद्धवंदना नुकतीच संपली होती. तिच्या वडिलांनी मला गर्दीतून शोधून काढलं, जय भीम केला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. पाव्हण्यांना बोलावून सांगायला लागले, हे आमच्या पोरीचे साहेब. मग मला म्हणाले, “साहेब, चूक पोरीची व्हती. तरी तुमी सोताच्या अंगावर घेतली. असा माणूस मिळत न्हाई.”

म्हणजे घरी तिनं हेच सांगितलं होतं. चूक आपली म्हणून.

एक वाक्य बोलायचं होतं मला. काका, चूक तिची नव्हती, माझी होती. संपलं. तिचं लग्न, तिचा बाप, तिची माणसं — याहून चांगली जागा कुठली मिळणार होती? मी त्यांचा हात थोपटला. म्हणालो, “होतं असं काका, नवीन असताना. शिकतं माणूस हळूहळू.”

मान वळवली तर वैशाली मागंच उभी होती, दोन पावलांवर. सगळं ऐकलं होतं तिनं. पांढऱ्या साडीत, हातात कुणीतरी दिलेला गुच्छ.

“सर,” ती म्हणाली, “जेवल्याशिवाय जाऊ नका.”

मी जेवलो.