डोरीनचा फेब्रुवारी

ऑल्डर फॉल्स कॉलेजच्या लॅक्रॉस संघाने कुणाशी, कुठे आणि कधी खेळायचं, हे डोरीन पिलार्स्की ठरवायची. जाळीच्या काठ्या घेऊन पोरं धावतात, चेंडू भिरकावतात, ते सगळ्या गावाला दिसतं. समोर उभं राहायला दुसरा संघ कुणी आणला, हे मात्र कुणी विचारत नाही. हे काम म्हणजे लग्नं जमवण्यासारखंच. दोन्हीकडची मंडळी एकाच तारखेला मोकळी हवीत, कुणाचा मान मोठा, कुणाचं नाक वर, आणि ‘आम्ही यायचं की तुम्ही’ यावरून बोलणी फिसकटायला वेळ लागत नाही. त्यात अजिंक्यपदाचा निकाल मे महिन्यात. म्हणजे सामने फेब्रुवारीत सुरू व्हायलाच हवेत. आणि ओंटारिओ तळ्याच्या काठावर फेब्रुवारीत कुत्रंसुद्धा आपणहून बाहेर पडत नाही.

डोरीनने आयुष्यात कधी लॅक्रॉसची काठी हातात धरली नव्हती. ती गाईगुरांच्या घरातली. पहाटे उठून धारा काढायच्या आणि मग शाळेची बस पकडायची, असं तिचं लहानपण गेलं. कॉलेजच्या क्रीडा विभागात ती लागली ती टायपिस्ट म्हणून. तेव्हा सामने ठरवणारे गृहस्थ एका फेब्रुवारीत, सलग तिसरा सामना बर्फात बुडाल्यावर, टोपी घालून जे बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. टेबलावरचा फोन वाजत होता. डोरीनने तो उचलला. तेव्हापासून तो तिच्याच गळ्यात पडला, आणि खरं सांगायचं तर तिला तो आवडूही लागला. फोनवर तिचा आवाज असा काही गोड व्हायचा, की नवरा वॉल्ट म्हणायचा, “माझ्याशी बोलताना हा आवाज कुठे ठेवतेस गं?”

“तू कधी तुझा संघ घेऊन आलास माझ्याकडे?” ती म्हणायची.

तिच्या मनात एकच सल होती. दक्षिणेकडचा मोठा संघ कधी ऑल्डर फॉल्सला आलाच नव्हता. फोन केला की सगळ्यांचं ठरलेलं उत्तर: “तुम्हीच या ना इकडे, आमच्याकडे ऊन आहे.” मग पोरांनी बसमध्ये रात्रभर मान अवघडून तिकडे जायचं आणि हरून यायचं. कॅरोलायनातल्या एका नामांकित कॉलेजात हेच काम करणारे लमार टिडवेल म्हणून गृहस्थ होते. डोरीनने त्यांना दोन वर्षं सोडलं नाही. त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, त्यांच्या आईच्या पीचच्या मुरंब्याचं कौतुक केलं, त्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा कार्ड पाठवलं. शेवटी टिडवेल आपल्या दक्षिणी अदबीने म्हणाले, “मिस डोरीन, तुम्ही जिंकलात. येतो आम्ही. पण सामना झाला नाही ना, तर आमचा प्रशिक्षक मला जन्मभर ऐकवेल. आणि इथला कुणी पुन्हा तुमच्याकडे फिरकणार नाही.”

“होणार म्हणजे होणारच,” डोरीनने सांगून टाकलं.

तारीख ठरली फेब्रुवारीतल्या एका शनिवारची. आधीच्या गुरुवारी वॉल्ट जेवायला बसला. तो जिल्ह्याची बर्फ लोटायची गाडी चालवायचा. सूपमध्ये पाव बुडवत तो म्हणाला, “वारा फिरलाय.”

“कुठे?”

“तळ्यावरून सरळ आपल्याकडे.”

डोरीनने चमचा खाली ठेवला. तळ्यावरून वारा आला की मागोमाग ढीगभर बर्फ आलंच.

शुक्रवारी सकाळी खिडकीबाहेर नुसता पांढरा पडदा होता. दुपारपर्यंत मैदान गडप झालं. दोन्ही गोलांचे वरचे दांडे तेवढे दिसत होते, धुणं वाळत घालायला लावल्यासारखे. संघाचा प्रशिक्षक कीगन हा तिशीतला पोरगा. तो बूट आपटत तिच्या खोलीत आला.

“डोरीन, रद्द करून टाका. फावडी मोडतील, पण हे हलणार नाही.”

“त्यांची बस निघालीय रे.”

“मग वळवा म्हणावं.”

तेवढ्यात टिडवेलांचाच फोन आला. ते स्वतः बसमध्ये होते, पेनसिल्व्हेनियात कुठेतरी. मागे पोरांचा गलका चालला होता. “मिस डोरीन, आमच्यातल्या निम्म्या पोरांनी आज पहिल्यांदा बर्फ पाहिलं.”

“अरे वा! मजा येतेय ना त्यांना?”

“पोरांना येतेय. ड्रायव्हरनेही पहिल्यांदाच पाहिलंय.”

डोरीनने त्यांना ऑल्डर फॉल्सच्या अलीकडे तासाभरावर असलेल्या मेंडनमध्येच मुक्काम करायला सांगितलं, आणि फोन ठेवून ती खिडकीबाहेर बघत बसली. तळ्याचं बर्फ असंच असतं. इथे गळ्यापर्यंत, आणि तासाभर दक्षिणेला गेलं की कोरडा रस्ता. मेंडनच्या कॉलेजात हवेने फुगवलेला मोठा पांढरा घुमट होता, आणि आत अख्खं हिरवं मैदान. उत्तर समोर होतं. अडचण एवढीच, की त्या घुमटाचा कारभार सॅल ब्रुनेटीकडे होता, आणि डोरीन आणि सॅल बरीच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारणही बर्फच. घुमट व्हायच्या आधी एकदा डोरीनचा संघ अर्ध्या वाटेत असताना सॅलने सामना रद्द केला होता. पुढच्याच बैठकीत, सगळ्या कॉलेजांच्या माणसांसमोर, डोरीन त्याला पळपुटा म्हणाली. सॅल कोट उचलून निघून गेला. त्यानंतर दोन्ही कॉलेजांचा आपसातला सामनाच बंद पडला.

डोरीनने उगाच टेबल आवरलं. कॉफी केली. ती प्यायली नाही. कीगन दारात उभा राहून बघत होता. “तू जा बरं इथून,” ती म्हणाली, आणि तो गेल्यावर तिने नंबर फिरवला.

“सॅल? मी डोरीन.”

पलीकडून मग आवाज आला, “कोण डोरीन?”

“नाटकं करू नकोस.”

“अच्छा, ती डोरीन! बोल. तुझ्याकडे बर्फ पडलं वाटतं.”

“तुला कसं कळलं?”

“त्याशिवाय तू फोन करशील? पाहुणे कोण आहेत?”

तिने सांगितलं. सॅलने शीळ घातली. “कॅरोलायनाहून? तुझ्याकडे? फेब्रुवारीत? काय जादूटोणा केलास त्या माणसावर?”

“घुमट देतोस का, ते सांग.”

“उद्या कुत्र्यांचं प्रदर्शन आहे. तीनएकशे कुत्री येतायत. तू येऊन त्यांना समजाव.”

“संपतं कधी?”

“चार वाजता. पण केस पडतील, आणि नुसते केसच पडतील असं नाही.”

“आमची पोरं झाडतील.”

डोरीनला वाटलं, आता हा जुनं उकरून काढणार. ती मनातल्या मनात तयारीला लागली. पण सॅल म्हणाला, “एक अट आहे. आपला सामना पुन्हा सुरू करायचा. याच मोसमात. मी येईन तुझ्या गावाला.”

“तू? बर्फात?”

“हो. पळपुटा येईल.”

“ये,” एवढंच ती म्हणाली, आणि मग, “केक करून ठेवते.”

आता पाहुणे मेंडनमध्ये आणि घरचा संघ बर्फात अडकलेला. शनिवारी दुपारी महामार्ग बंदच होता. जुन्या रस्त्याने जायचं तर पुढे कुणीतरी वाट करून द्यायला हवी. वॉल्टने आपल्या साहेबाला विचारलं, साहेबाची मुलं ऑल्डर फॉल्समध्येच शिकलेली, तो म्हणाला, “तो रस्ता आज साफ करायचाच आहे. मागून कोण येतं, ते मी कशाला बघू?” मग पुढे वॉल्टची पिवळी गाडी दोन्ही बाजूंना बर्फाचे फवारे उडवत, आणि मागे पोरांनी भरलेली बस, अशी वरात निघाली. डोरीन नवऱ्याशेजारी उंच बसली होती. इतक्या वर्षांच्या संसारात ती त्याच्या गाडीत पहिल्यांदा चढली होती, आणि समोरच्या पांढऱ्या भिंती बाजूला पडताना बघून तिला मोठी गंमत वाटत होती.

“रोज असंच असतं का रे?”

“रोज तू इतकी बडबडत नसतेस,” वॉल्ट म्हणाला. पण तो खूश होता.

जिल्ह्याच्या हद्दीवर बर्फ दोरी तुटावी तसं थांबलं. पुढे चक्क ऊन होतं. वॉल्टने गाडी कडेला घेतली, डोरीन उतरून बसमध्ये चढली, आणि तो हात हलवून माघारी वळला.

घुमटात गेल्यावर कळलं, प्रदर्शन संपलंय पण माणसं गेलेली नाहीत. उत्तरेकडे जाणारा महामार्ग अजून बंदच होता. त्यांनी कुत्र्यांसकट बाकांवर मुक्काम ठोकला होता. पाहुण्यांच्या पोरांनीही झाडू हातात घेतले होते. त्यांच्यात एक उंच, दमलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस जमिनीकडे बघत केसांचा पुंजका ढकलत होता.

“टिडवेलसाहेब?”

“मिस डोरीन!” त्यांनी झाडू टाकून तिचा हात दोन्ही हातांत घेतला. “तुम्ही आवाजावरून उंच वाटला होतात.”

सामना सुरू झाला. प्रत्येक गोलनंतर बाकांवरून टाळ्या, आणि टाळ्यांमागून भुंकणं. पाहुणे सरस होते, हे पहिल्या काही मिनिटांतच दिसलं, पण घरची पोरंही चिवटपणे मागे लागून राहिली. शेवटच्या टप्प्यात एकाच गोलचं अंतर उरलं. कीगनच्या सर्वांत तेज पोराने मारलेला चेंडू खांबावर आदळून बाहेर उडाला, आणि बाकांवरून एक सोनेरी केसांची, दुपारीच बक्षीस मिळालेली कुत्री मैदानात झेपावली. चेंडू तोंडात धरून तिने अख्ख्या मैदानाला फेरी मारली. दोन्ही संघ मागे. पंच शिट्टी फुंकून दमला. मालकीण ओरडत होती, “सोड! सोड म्हणते ना!” पाहुण्यांचा गोलरक्षक हसून हसून खाली बसला. शेवटी तिने चेंडू नेऊन टिडवेलांच्या पायाशी ठेवला.

“बघा,” कीगन कपाळाला हात लावून म्हणाला, “तीसुद्धा दक्षिणेकडची निघाली.”

घरचा संघ दोन गोलांनी हरला. डोरीनला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. टिडवेल निघताना म्हणाले, “पुन्हा येऊ आम्ही. फक्त एप्रिल महिना चालेल का, तेवढं बघा.”

घुमट रिकामा झाल्यावर सॅल दोन कॉफी घेऊन तिच्या शेजारी येऊन बसला. केस पार पांढरे झाले होते त्याचे.

“जूनमध्ये निवृत्त होतोय मी,” तो म्हणाला.

डोरीनने कप खाली ठेवला. “आणि हे आत्ता सांगतोस?”

“आधी कसं सांगणार? बोलत कुठे होतो आपण?”

ती हसली. “म्हणून अट घातलीस होय.”

“एकदा तुझ्या मैदानावर येऊन जावंसं वाटलं. बाकी काही नाही.”

मार्चमध्ये सॅल संघ घेऊन ऑल्डर फॉल्सला आला. गुडघ्यापर्यंतचे बूट, कानटोपी, हातमोजे, बसमध्ये चार फावडी, अशा जय्यत तयारीने तो उतरला. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि मैदानाच्या कडेला बर्फाचा शेवटचा ढीग वितळत होता. डोरीन केकचा डबा घेऊन फाटकात उभी होती. त्याचा तो अवतार बघून तिला इतकं हसू आलं, की डबा वॉल्टच्या हातात द्यावा लागला.

“हसू नकोस,” घाम पुसत सॅल म्हणाला. “आधी केक काप.”